फ्रेशमन चांगला खेळत असूनही कोच त्याला महिनाभर का बसवतात? (रेडशर्ट आणि चार सामन्यांचं गणित)

बाकावरचा

प्रश्न अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा आहे. सप्टेंबरमध्ये एखादा फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा) कॉर्नरबॅक किंवा रिसीव्हर तीन सामने झकास खेळतो. मग अख्खा ऑक्टोबर पूर्ण गणवेशात साइडलाइनवर उभा. दुखापत नाही, शिक्षा नाही. नोव्हेंबरच्या शेवटी अचानक पुन्हा मैदानात! समालोचक 'रेडशर्ट जपतायत' एवढं म्हणून पुढच्या जाहिरातीकडे वळतात.

मला हवंय ते असं: चार सामने म्हणजे नेमकं काय मोजतात? कोच कोणते चार निवडतात आणि कशावरून? आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) पोरगा उद्या दुसरीकडे जाणारच असेल, तर त्याचं वर्ष जपून या कोचच्या पदरात काय पडतं?

चौथा_डाऊन

आधी नियम. खालचं सगळं २०२५ च्या हंगामाप्रमाणे आहे. हे नियम दरवर्षी हलतात, त्यामुळे जुने लेख वाचताना साल बघत जा.

खेळाडूने कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतला की पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं. त्या पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. उरलेलं एक वर्ष म्हणजे रेडशर्ट. घड्याळ मात्र कुणासाठी थांबत नाही, बाकावर बसा नाहीतर मैदानात उतरा. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजात प्रवेश घेतला तरी तेव्हापासूनच टिकटिक सुरू.

२०१८ पूर्वी नियम निर्दय होता. निरोगी खेळाडू एका स्नॅपसाठी (म्हणजे एका चालीसाठी) आत गेला की अख्खा हंगाम खर्ची. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळा, हंगाम शिल्लक राहतो. पाचव्या सामन्यात पाय टाकला की गेला.

लोक नेहमी चुकतात ते मुद्दे:

मोजणी सामन्यांची आहे, स्नॅपची नाही. किकऑफवर (खेळ सुरू करणाऱ्या लाथेच्या चालीत) एकदा पळत गेला आणि कुणाला हातही लावला नाही, तरी एक सामना गेला. उलट सत्तर स्नॅप खेळला तरी एकच. क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू दिवसभर क्षेत्ररक्षण करतो आणि त्याच्या नावावर कसोटी लागत नाही. इथे त्याची लागली असती.

चार सामने सलग असण्याची गरज नाही. पहिला, सातवा, अकरावा, बारावा, कसेही घ्या. ही सवलत फक्त फ्रेशमनसाठी नाही, आधी रेडशर्ट न घेतलेला सीनियरही (चौथ्या वर्षाचा) वापरू शकतो. दोस्तांना सगळ्यात जास्त चकवणारा मुद्दा हाच.

साइडलाइनवर हेल्मेट घालून उभं राहणं, वॉर्म-अप, सराव यांतलं काहीच मोजत नाहीत. तुमचा ऑक्टोबरातला पोरगा गणवेशात होता तो त्यामुळे.

आणि २०२४ पासून बोल व प्लेऑफचे (म्हणजे नियमित हंगामानंतरचे) सामने या चारात धरत नाहीत. ओहायो स्टेटने २०२४ च्या हंगामात बारा नियमित सामन्यांनंतर प्लेऑफचे चार सामने खेळून विजेतेपद घेतलं. अशा संघातला फ्रेशमन नियमित हंगामातले चार आणि वर प्लेऑफचे चार, असे आठ सामने खेळूनही रेडशर्ट राहू शकतो. पूर्वी कोच चौथा सामना बोलसाठी दाबून ठेवायचे, आता ती गरज उरली नाही.

ग्रेशर्ट हा वेगळा प्रकार आहे. त्यात मुलगा शरद सत्रात पूर्णवेळ प्रवेशच घेत नाही, जानेवारीत घेतो. म्हणजे घड्याळच उशिरा सुरू होतं. 'यंदा जागा नाही, पण तू आम्हाला हवा आहेस' असं सांगायची ही कोच लोकांची सभ्य पद्धत.

टचबॅक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी घेतो.

नियमित हंगामात बारा सामने. चांगला स्टाफ ऑगस्टच्या सरावातच फ्रेशमन मंडळींचे तीन ढीग करतो. पहिल्यातले खेळणारच, त्यांचे सामने कुणी मोजत नाही. दुसऱ्यातले काहीही झालं तरी खेळणार नाहीत. डोकेदुखी मधल्या ढिगाची, 'बघू' वाल्यांची.

या मधल्यांसाठी साधारण खर्च असा: एक सामना सप्टेंबरमध्ये, खालच्या विभागातल्या एफसीएस संघाविरुद्ध. हेतू जिंकण्याचा नसतो, दिवे लागल्यावर आणि ऐंशी हजार लोक ओरडायला लागल्यावर पोरगा सरावातलं विसरतो की नाही ते बघायचं. तिथे ठीक वाटला तर दुसरा सामना स्पेशल टीमवर (लाथेच्या चालींसाठीची तुकडी). उरलेले दोन नोव्हेंबरसाठी. तोवर दुसऱ्या फळीतले दोन कॉर्नरबॅक तरी घोटा किंवा मांडीचा स्नायू धरून बसलेले असतात, आणि तेव्हा हाताशी एकही सामना शिल्लक नसेल तर कोचला एका शनिवारसाठी पोराचं अख्खं वर्ष जाळावं लागतं.

सप्टेंबरात तीन खर्च झाले याचा अर्थ एकतर कुणी जखमी होता, नाहीतर स्टाफला वाटलं की हा पहिल्या ढिगात जाईल, आणि मग मूळ खेळाडू बरा होऊन परतला. तुमच्या उदाहरणात बहुधा हेच झालंय.

हे बिघडतं कुठे, तेही सांगतो. तिसरा क्वार्टर, ४५-७. सगळे सैलावलेत. पंट टीमवरचा गनर, म्हणजे कडेने पळत जाऊन चेंडू झेलणाऱ्याला गाठणारा, लंगडत बाहेर येतो. स्पेशल टीमचा कोच मागे वळून 'दुसरा गनर!' ओरडतो. दुसरा गनर शौचाला गेलाय, किंवा त्याचं हेल्मेट सापडत नाही. जवळ उभा असलेला उत्साही फ्रेशमन आत पळतो. सात सेकंद. चेंडू बाहेर जातो, कुणी कुणाला पाडत नाही. त्याचा हा पाचवा सामना होता.

हे टाळायला साइडलाइनवर एक माणूस यादी घेऊन उभा ठेवतात, बहुतेक वेळा एखादा ज्युनियर असिस्टंट. यादीत प्रत्येक 'बघू' खेळाडूपुढे खर्च झालेले सामने लिहिलेले. चार झाले की नाव लाल. त्याहून पक्का उपाय म्हणजे लाल नाववाल्याला बाहेरगावच्या सामन्याला नेऊच नका. बाहेर जाताना कॉन्फरन्सच्या (संघांच्या गटाच्या) मर्यादेमुळे सत्तरच्या आसपासच खेळाडू नेता येतात, त्यामुळे तो प्रश्न तिथे आपोआप सुटतो. खरा धोका घरच्या सामन्यांत, जिथे सगळेच गणवेशात असतात.

आणि ऑक्टोबरभर पोरगा 'बसलेला' नसतो. तो स्काउट टीमवर असतो. कोच हातात जाड पुठ्ठ्याचं कार्ड धरतो, त्यावर पुढच्या प्रतिस्पर्ध्याची चाल काढलेली, आणि हा पोरगा ती चाल पहिल्या फळीसमोर खेळून दाखवतो. हंगामात सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे आणि सामना त्यात तीन तास खातो. स्टार्टर (सुरुवातीपासून खेळणारे) मंगळवारनंतर वजनं हलकी करतात, शनिवारला पाय ताजे हवेत. रेडशर्टवाल्याला शनिवारची चिंता नसते, तो आठवडाभर जड वजनं उचलू शकतो. निम्मा फायदा तर इथेच आहे.

दहा_यार्ड

वरचे दोन्ही प्रतिसाद बरोबर आहेत, पण दोन्ही कोचच्या खुर्चीतून लिहिलेत. चार सामन्यांच्या नियमाची किल्ली खेळाडूच्या खिशातही आहे, हे पहिल्याच हंगामात कळलं.

क्लेमसन, २०१८. सीनियर क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, पास फेकणारा) केली ब्रायंट पहिल्या चार सामन्यांत स्टार्टर होता, चारही जिंकले. चौथ्यानंतर कोच डॅबो स्विनी यांनी फ्रेशमन ट्रेव्हर लॉरेन्सला स्टार्टर केलं. ब्रायंटच्या खात्यात नेमके चार सामने होते आणि रेडशर्ट वापरलेला नव्हता. दोन दिवसांत त्याने संघ सोडला, वर्ष वाचवलं आणि २०१९ मध्ये मिझुरीकडून खेळला. स्विनी आणखी एक आठवडा थांबले असते आणि ब्रायंट पाचवा सामना खेळला असता, तर ही वाट बंद झाली असती. त्यांनी थांबवलं नाही, याबद्दल त्यांना मानायला हवं. तसं थांबवणारे कोच असतात.

किंमत त्याच शनिवारी मोजायची वेळ आली. सिराक्यूसविरुद्ध दुसऱ्या क्वार्टरमध्ये लॉरेन्स जखमी होऊन बाहेर, ब्रायंट नाही, आणि तिसऱ्या क्रमांकाचा चेस ब्राइस आत. शेवटी ९४ यार्डांची, १३ चालींची ड्राइव्ह, त्यात चौथ्या डाऊनवर (शेवटच्या प्रयत्नात) सहा यार्ड हवे असताना टी हिगिन्सला पास, आणि २७-२३ ने सुटका. तो पास पडला असता तर १५-० चा हंगाम आणि अलाबामाला ४४-१६ ने हरवून मिळवलेलं विजेतेपद आज कुणाला आठवलं नसतं. डेप्थ चार्टवर (जागेवार खेळाडूंच्या क्रमाच्या यादीत) तिसरं नाव कशाला लागतं, याचं उत्तर तिथे आहे.

पुढच्या वर्षी ह्यूस्टनमध्ये डेरिक किंगने याचीच दुसरी आवृत्ती केली. संघ १-३ (एक विजय, तीन पराभव), चार सामने झालेले, किंग म्हणाला यंदा रेडशर्ट घेतो. २०२० मध्ये तो मायामीचा क्वार्टरबॅक होता. २०२४ मध्ये यूएनएलव्हीचा मॅथ्यू स्लूका संघ ३-० असताना थांबला. दिलेला शब्द पाळला नाही असं त्याचं म्हणणं, विद्यापीठाने ते नाकारलं. बदली क्वार्टरबॅक घेऊन यूएनएलव्हीने त्या हंगामात ११ सामने जिंकले, ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

म्हणून आता सप्टेंबरचा शेवट हा कोचसाठी नाजूक आठवडा. सीनियरला बाकावर बसवायचंच असेल तर चौथ्या सामन्यानंतर बसवलं की तो जाऊ शकतो, पाचव्यानंतर बसवलं की वर्ष गेलेलं असतं आणि जायचं कारण निम्मं संपतं.

चौथा_डाऊन

@दहा_यार्ड, मान्य. फक्त सप्टेंबरात थांबणाऱ्याला दोन गोष्टी कुणी सांगत नाही. पोर्टलची वसंतातली खिडकी आता बंद झाली, २०२६ साठी एकच ठेवली, २ ते १६ जानेवारी. तोवर नाव टाकता येत नाही. आणि वर्ग सोडून घरी जायचं नाही. फुटबॉल खेळाडूला शरद सत्रात नऊ क्रेडिट पास व्हावे लागतात, नाहीतर पुढच्या हंगामाचे पहिले चार सामने बाहेर. चार सामने वाचवायला गेला आणि चार सामने गमावून बसला, असं होऊ शकतं.

बाकावरचा

हे सगळं भारी आहे. पण माझा तिसरा प्रश्न राहिला. जो पोरगा दोन वर्षांत निघून जाणार, त्याचं पाचवं वर्ष जपून कोचला काय मिळतं?

टचबॅक

बऱ्याचदा काहीच नाही, आणि शहाणे कोच आता तसंच वागतात.

हिशोब साधा आहे. हायस्कूल संपून तीन वर्षं झाली की खेळाडू एनएफएल ड्राफ्टला (व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीला) पात्र होतो. रेडशर्टचा लाभ पाचव्या वर्षी मिळतो. म्हणजे जो तिसऱ्या वर्षी ड्राफ्टमध्ये जाणार त्याचं वर्ष वाचवणं म्हणजे लग्नासाठी राखलेलं सोनं लॉकरमध्येच विसरून येणं. लॉरेन्स तीन हंगाम खेळला आणि २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पहिला गेला. त्याला २०१८ मध्ये रेडशर्ट केलं असतं तर क्लेमसनला चौथा हंगाम मिळाला नसता, फक्त पहिला गेला असता. रेटिंगवाले पंचतारांकित म्हणतात ती वर्षाला तीसेक मुलं असतात, त्यांच्यासाठी मोजणीच करू नये.

दुसरी बाजू पोर्टलची. २०२१ मध्ये एकदा बदली केली तरी वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली, २०२४ पासून अभ्यासात पात्र असाल तर कितीही वेळा बदला. क्विन इव्हर्स २०२१ मध्ये ओहायो स्टेटला दोन स्नॅप खेळला आणि टेक्ससला गेला, चारही हंगाम शाबूत घेऊन. ओहायो स्टेटने जपलेलं वर्ष ओहायो स्टेटच्या काहीच कामी आलं नाही.

त्यामुळे फ्रेशमनला खेळवणं हेच आता त्याला टिकवण्याचं साधन झालंय. २०१७ मध्ये अलाबामाने टुआ टॅगोवायलोआला निकाल लागलेल्या सामन्यांच्या शेवटी खेळवत ठेवलं. तेव्हाच्या नियमाने त्याचं वर्ष पहिल्याच स्नॅपला गेलं होतं. त्या फुटकळ मिनिटांचा वसूल ८ जानेवारी २०१८ ला झाला: जॉर्जिया १३-० पुढे, मध्यंतराला निक सेबन यांनी जेलन हर्ट्सला बसवून टुआला आणलं, ओव्हरटाइममध्ये डेव्हॉन्टा स्मिथला ४१ यार्डांचा पास, २६-२३. वर्ष वाचवायचं म्हणून त्याला हंगामभर झाकून ठेवलं असतं तर त्या रात्री मध्यंतरानंतर पहिला खरा स्नॅप घ्यायला कोण धजावलं असतं?

दहा_यार्ड

क्वार्टरबॅकचं उदाहरण घेऊन सगळ्यांना नियम लावू नका हो. ऑफेन्सिव्ह लाइनला (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या पाच जणांना) जुनंच गणित लागू आहे. अठराव्या वर्षी १२५ किलोचा टॅकल येतो, त्याच्यासमोर बावीस वर्षांचा, चार वर्षं वजनं उचललेला डिफेन्सिव्ह एंड. त्याला कमी पडणारे पंधरा किलो एका उन्हाळ्यात येत नाहीत. आणले तर चरबी येते आणि पाय जड होतात. त्याला घाईने उतरवलं की तो गुडघ्यांत वाकण्याऐवजी कमरेत वाकतो, हात उशिरा येतात, आणि ती सवय मोडायला दोन वर्षं जातात. शिवाय लाइनमन पाच जण एकत्र शिकतात. एकाची बदली म्हणजे बाजूच्या दोघांचं टायमिंगही बिघडतं. हे खेळाडू तिसऱ्या वर्षी क्वचितच ड्राफ्टमध्ये जातात, म्हणून पाचवं वर्ष खरंच वापरलं जातं.

रनिंग बॅक उलट. त्याचं शरीर जितके फटके खाणार तितकं झिजणार, त्याचं वर्ष 'साठवता' येत नाही. कॉर्नरबॅकलाही लवकर उतरवतात, पळणं शिकवावं लागत नाही. सेफ्टीला (सगळ्यात मागच्या बचावपटूला) उशीर लागतो, कारण त्याला बाकीच्या दहा जणांना ओरडून जागा सांगायच्या असतात.

आता रोस्टरचीही भर पडली. खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्याच्या समझोत्यानंतर, २०२५ पासून, त्यात सामील शाळांत (म्हणजे कॉलेजांत) फुटबॉलला जास्तीत जास्त १०५ खेळाडू. आधी ८५ स्कॉलरशिपची मर्यादा होती, पण वॉक-ऑन (स्कॉलरशिपविना आलेले) धरून संख्या बरीच वर जायची. त्याच समझोत्याने शाळा खेळाडूंना थेट पैसे देऊ लागल्या, २०२५-२६ साठी सर्व खेळ मिळून साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरची कमाल मर्यादा. म्हणजे पाच वर्षं विकसित करायच्या लाइनमनने आता १०५ पैकी एक जागा आणि पगारातला एक तुकडा धरून ठेवायचा. कोच पूर्वी असे चार-पाच घ्यायचे. आता दोन घेतील आणि तिसरा तयार माल म्हणून पोर्टलमधून उचलतील.

साडेतीन_यार्ड

किकरचं काय? अमेरिकेतल्या आपल्या घरांतली मुलं सॉकर खेळून हायस्कूलमध्ये किकर होतात, त्यांना हा नियम कसा लागतो?

टचबॅक

किकरला सगळ्यात वाईट लागतो. कोच सीनियरकडे फील्ड गोल (खांबांमधून मारायची किक) ठेवतात आणि दमदार पायाच्या फ्रेशमनला फक्त किकऑफ देतात. दर सामन्यात पाच-सहा किकऑफ, आणि पाचव्या सामन्याला वर्ष संपलं. फील्ड गोलची एकही संधी न मिळता. साइन करण्याआधी विचारायचा प्रश्न हाच: 'मी फक्त किकऑफ करणार असेन तर रेडशर्टचं काय?' उत्तर गुळमुळीत आलं की समजून जा.

व्हिडिओ पाठवतानाही चूक होते. हायस्कूलमध्ये फील्ड गोलला दोन इंचापर्यंतचा टी (चेंडू ठेवायची बैठक) चालतो, कॉलेजात तो १९८९ पासून बंद. टीवरचा ५० यार्डांचा व्हिडिओ कोच बघतही नाही. गवतावरून मारलेला, न कापलेला, स्नॅपसकट पाठवा. स्नॅपपासून पाय लागेपर्यंत साधारण १.३ सेकंद हवे. हायस्कूलचे खांब २३ फूट ४ इंच अंतरावर, कॉलेजचे १८ फूट ६ इंचावर. हायस्कूलमध्ये खांबाला घासून आत गेलेली किक कॉलेजात बाहेर जाते, म्हणून सराव कॉलेजच्या खांबांवर करा. किकऑफ हायस्कूलमध्ये ४० यार्डांच्या रेषेवरून, कॉलेजात ३५ वरून. पाच यार्ड जास्त, आणि हवेत चारेक सेकंद तरी राहायला हवी.

चौथा_डाऊन

यात भर. मुलगा एच-४ व्हिसावर (आई-वडिलांच्या एच-१बी नोकरी व्हिसावर अवलंबून) असेल तर रेडशर्टच्या आधी कॅलेंडर काढा. एच-४ वयाच्या एकविसाव्या वर्षी संपतो, रेडशर्टवाला पाचव्या वर्षी बावीस-तेवीसचा असतो. म्हणजे मध्येच एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) जावं लागणार. स्कॉलरशिप वेगळी, पण एच-४ वर काम करायची परवानगी नसते आणि एफ-१ वरही ती फार मर्यादित असते. जाहिरातीचे किंवा शाळेच्या महसुलातले पैसे हे त्यामुळे जोखमीचं प्रकरण आहे. कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. कोच किंवा कंप्लायन्स ऑफिस (नियम पाळले जातात का बघणारं) व्हिसाची जबाबदारी घेत नाही.

बाकावरचा

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक. एखाद्या खेळाडूचे किती सामने झाले हे घरी बसून कसं मोजायचं? टीव्हीवर तर किकऑफवरचे अकरा दिसतही नाहीत.

टचबॅक

शाळेच्या वेबसाइटवर सामन्याचा अधिकृत बॉक्स स्कोअर असतो, पूर्ण प्रत उघडा. त्यात पार्टिसिपेशनची यादी असते, नाव आणि नंबरसकट. आकडेवारीच्या तक्त्यात नाव नसलं तरी तिथे असू शकतं, आणि मोजायचं तिथलंच. एकच सावधगिरी: कॉलेजात एकाच संघात दोघांना एकच नंबर चालतो, फक्त दोघं एकाच चालीत मैदानात नकोत. वर प्रेसबॉक्समधला माणूस दुर्बिणीतून '२४' बघतो आणि चुकीच्या २४ पुढे खूण करतो. संघाचा स्टाफ रविवारी सकाळी फिल्म बघून यादी ताडून घेतो. तुम्ही सोमवारची दुरुस्त प्रत बघा, शनिवार रात्रीची नको.